एका अणूचा थर आणि त्याखालचा वेफर

सिलिकॉन कार्बाइडचा वेफर आर्गॉन वायूत सोळाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवला की पृष्ठभागावरचे सिलिकॉनचे अणू उडून जातात. मागे उरलेले कार्बनचे अणू एकमेकांशी जुळतात आणि षटकोनांची जाळी तयार होते. वेफरच्या सिलिकॉन-बाजूवर वाढलेला हा पहिला थर रचनेने ग्राफीनसारखाच असतो, पण त्याला ग्राफीन म्हणता येत नाही. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश कार्बन-अणूंचे बंध खालच्या सिलिकॉनशी पक्के झालेले असतात, त्यामुळे ग्राफीनची ओळख असलेली इलेक्ट्रॉनांची ऊर्जारचना त्यात सापडत नाही. त्याच्यावर दुसरा थर आला की तो मात्र ग्राफीनसारखा वागतो. तोही पूर्ण स्वतंत्र नसतोच. खालून आलेले इलेक्ट्रॉन त्यात आधीच साठलेले असतात, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा लाख कोटी. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी त्या पहिल्या थराखाली हायड्रोजन घुसवला. सिलिकॉनचे बंध हायड्रोजनशी जुळले, कार्बन मोकळा झाला आणि तोच थर ग्राफीन बनला.

द्विमितीय पदार्थांच्या साऱ्या अभ्यासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. एका किंवा दोन-तीन अणूंच्या जाडीचा थर अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर वाढवला, तर मोजलेल्या गुणधर्मांपैकी त्याचे स्वतःचे किती आणि खालच्या पृष्ठभागाचे किती? गेल्या वीसेक वर्षांत या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले याचा आढावा इथे घेतो. तो नांदेड-लातूरकडून घेण्याला कारण आहे. पातळ थर वाढवण्याची मोठी परंपरा या भागात रुजलेली आहे, आणि नेमका खालच्या पृष्ठभागाचा प्रश्न त्या परंपरेत फारसा विचारला गेला नाही.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे आजचे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात आणि लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संकुलातले थिन फिल्मचे काम ज्या घराण्यातून आले, ते कोल्हापूरचे. शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने रासायनिक द्रावणातून फिल्म वाढवण्याच्या पद्धती वर्षानुवर्षे घोटल्या. राजाराम माने आणि लोखंडे यांनी २००० साली धातूंच्या चाल्कोजेनाइड फिल्मवर लिहिलेला आढावा आजही जगभर उद्धृत होतो. माने पुढे नांदेडच्या विद्यापीठात आले. सोलापूर, जळगाव, औरंगाबाद इथेही याच धाटणीचे काम झाले. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी कमी पैशांत पदार्थविज्ञान करण्याचा हा एक मार्गच शोधून काढला, असे म्हणायला हरकत नाही.

पद्धत थोडक्यात अशी. कॅडमियमचे क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांचे द्रावण बीकरमध्ये घ्यायचे. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, थायोयुरियातून गंधक सुटत जाते, आणि द्रावणात उभ्या ठेवलेल्या काचेच्या स्लाइडवर कॅडमियम सल्फाइडची पिवळी फिल्म बसते. दुसरी पद्धत फ्रान्समधल्या निकोलाउने १९८५ मध्ये मांडली. तिचे इंग्रजी लघुरूप सिलार असे आहे. तिच्यात स्लाइड आधी धन आयनांच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, मग ऋण आयनांच्या द्रावणात बुडवायची आणि पुन्हा धुवायची. ना निर्वात यंत्र लागते, ना मोठा खर्च. सौरघट, सुपरकपॅसिटर आणि वायू ओळखणारे सेन्सर यांच्यावर या फिल्म वापरून भरपूर काम झाले आणि ते उपयोगाचेही आहे.

अडचण नंतर आली. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटपासून एकच थर सुटा केला, २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर घेतला तर तो थेट ऊर्जापट्ट्याचा अर्धवाहक होतो, हे दिसले. जाड स्फटिकात जे ऊर्जा-अंतर सुमारे १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे आणि अप्रत्यक्ष असते, ते एका थरात १.९ च्या आसपास जाते आणि पदार्थ प्रकाश देऊ लागतो. या शोधांनंतर शोधनिबंधांच्या शीर्षकांत ‘द्विमितीय’ हा शब्द भराभर येऊ लागला. ऑटोक्लेव्हमध्ये सोडियम मॉलिब्डेट आणि थायोयुरिया दोनशे अंशांवर शिजवले की पाकळ्यांच्या गुच्छासारखे कण मिळतात. प्रत्येक पाकळी काही नॅनोमीटर जाड, गुच्छ मायक्रोमीटरचे, आणि सगळे एकमेकांवर वेडेवाकडे पडलेले. याला द्विमितीय पदार्थ म्हणणे मला मान्य नाही. विद्युतघटासाठी असे कण चांगले असतील, पण एका थराच्या इलेक्ट्रॉनांविषयी ते काहीही सांगू शकत नाहीत. ओळखायची कसोटी सोपी आहे. रामन वर्णपटात मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या दोन मुख्य रेषा दिसतात. जाड पदार्थात त्यांच्यातले अंतर सुमारे २५ प्रति सेंटिमीटर असते, एका थरात ते १८-१९ वर येते. हा आकडा छापल्याशिवाय एकथरी असल्याचा दावा करूच नये.

आता मूळ प्रश्नाकडे. अर्धवाहकाचा स्वच्छ पृष्ठभाग कधीच शांत नसतो. सिलिकॉनचा स्फटिक एका विशिष्ट प्रतलात कापला की वरच्या प्रत्येक अणूचा एक बंध मोकळा राहतो. हे मोकळे बंध कमी करण्यासाठी पृष्ठभागावरचे अणू आपली जागा बदलतात आणि मूळ जाळीच्या सात पट लांब, सात पट रुंद अशी नवी रचना तयार होते. बिनिग आणि रोरर यांनी १९८३ मध्ये आपल्या सूक्ष्मदर्शकातून ती दाखवली. ताकायानागी यांनी १९८५ मध्ये तिचा नकाशा पक्का केला, तेव्हा कळले की ४९ मोकळ्या बंधांपैकी १९ तरीही उरतातच. अशा पृष्ठभागावर वाढणाऱ्या थराला ते बंध पकडतात, वाकवतात, त्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतात किंवा त्यात आपले ढकलतात. हवेत आणले तर सिलिकॉनवर एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड बसतो आणि मग खाली सिलिकॉन आहे असे म्हणण्यात अर्थ राहत नाही.

जपानच्या अत्सुशी कोमा यांनी १९८४ मध्ये यावर वाट काढली. खालच्या स्फटिकालाच मोकळे बंध नसतील, तर वरचा थर फक्त व्हॅन डर वाल्स बलाने टेकेल आणि जाळ्या जुळल्या नाहीत तरी चालेल, असा त्यांचा विचार होता. एका थरदार स्फटिकावर दुसरा थरदार स्फटिक वाढवून त्यांनी तो सिद्ध केला. पुढे त्यांच्याच गटाने १९९० मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावरचे मोकळे बंध गंधकाने बंद केले आणि त्यावर मॉलिब्डेनम डायसेलेनाइड वाढवले. आज सिलिकॉनवर हायड्रोजन बसवून जे केले जाते, त्याचे मूळ इथे आहे. ग्राफीनची चर्चाही सुरू व्हायच्या आधी हे काम झाले होते, आणि ते आज जितके आठवले जायला हवे तितके आठवले जात नाही.

जाळी जुळण्याचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. सिलिकॉनच्या त्या पृष्ठभागावर अणूंमधले अंतर ३.८४ अँगस्ट्रॉम, मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ३.१६. एवढ्या फरकामुळे थराने कोणत्या दिशेने बसायचे हे ठरत नाही, वेगवेगळ्या दिशांचे तुकडे वाढतात आणि त्यांच्या सांध्यांवर इलेक्ट्रॉन अडतात. गॅलियम नायट्राइडचे अंतर ३.१९ आहे, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी फरक. म्हणून २०१६ मध्ये त्यावर थेट वाढवलेले मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे त्रिकोण एकाच दिशेत मांडलेले मिळाले. फरक अगदी थोडा असेल तेव्हा वेगळीच गंमत होते. एकाच वावरात एका पाभरीने पेरलेल्या तासांवर किंचित वेगळ्या अंतराच्या पाभरीने पुन्हा पेरले, तर मधूनमधून तास एकमेकांवर येतात आणि मधूनमधून दूर जातात. दोन जाळ्यांचेही तसेच होते आणि एक नवी, मोठी आवर्ती रचना निर्माण होते. तिला मॉयरे म्हणतात. ग्राफीन आणि बोरॉन नायट्राइड यांच्यातला १.८ टक्क्यांचा फरक १४ नॅनोमीटरची मॉयरे रचना देतो आणि इलेक्ट्रॉनांना हा नवा आवर्त जाणवतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट अशाच मॉयरे रचनांवर काम करतो. देशमुखांना २०१५ चे भटनागर पारितोषिक मिळाले आहे. २०२२ मध्ये त्यांच्या गटाने ग्राफीनच्या थोड्याशा फिरवून ठेवलेल्या दोन दुहेरी थरांत इलेक्ट्रॉन-अवस्थांची घडण बदलते तेव्हा ती विद्युत मोजणीतून पकडता येते, हे दाखवले. इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. हे थर वाढवलेले नसतात. चिकटपट्टीने सोललेले, उचललेले आणि एकावर एक ठेवलेले असतात. प्रयोगासाठी ही पद्धत सर्वोत्तम आहे, पण कारखान्यात तिचा उपयोग नाही. वाढवलेल्या आणि ठेवलेल्या थरांची मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात त्याचे माप, एकाच तक्त्यात शेजारी छापणारे निबंध वाचताना सावध राहावे.

मोबिलिटीच्या आकड्यांतच खालच्या पदार्थाचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो. हवेत टांगलेल्या ग्राफीनमध्ये अतिशीत तापमानाला ती प्रति व्होल्ट-सेकंद दोन लाख वर्ग सेंटिमीटरपर्यंत गेली आहे. तेच ग्राफीन सिलिकॉन डायऑक्साइडवर टेकवले की साधारण दहा हजारांवर येते, कारण ऑक्साइडमध्ये अडकलेले विद्युतभार त्याला जागोजागी खेचत असतात. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या सिलिकॉन-बाजूच्या ग्राफीनमध्ये सामान्य तापमानाला ती एक-दोन हजारच असते. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचे वॉल्टर डी हीर आणि चीनच्या तिआनजिन विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी एक वेगळाच निष्कर्ष मांडला. लेखाच्या सुरुवातीला ज्याला ग्राफीन म्हणता येत नाही असे लिहिले, तोच पहिला थर त्यांनी काळजीपूर्वक वाढवला. त्यात ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ऊर्जा-अंतर आणि पाच हजारांची मोबिलिटी सापडली. ग्राफीनचा ट्रान्झिस्टर होत नाही, कारण त्यात ऊर्जा-अंतरच नाही, ही वीस वर्षांची तक्रार होती. तिचे उत्तर खालच्या सिलिकॉनशी जुळलेल्या बंधांतून निघाले. २००९ मध्ये जे बंध दोष समजून तोडले गेले, तेच १५ वर्षांनी गुण ठरले.

सिलिसीनची कथा याच्या उलट आहे. २०१२ मध्ये चांदीच्या पृष्ठभागावर सिलिकॉनचा एक अणू जाडीचा थर वाढवला गेला आणि त्यात ग्राफीनसारखे इलेक्ट्रॉन दिसल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी शंका आल्या, आणि ते इलेक्ट्रॉन सिलिकॉन आणि चांदी यांच्या मिसळीतून आलेले आहेत हे मान्य होत गेले. चांदी धातू असल्यामुळे विद्युत मोजणीही करता येत नव्हती. २०१५ मध्ये थर सोलून त्याचा ट्रान्झिस्टर बनवला गेला, पण तो हवेत काही मिनिटांतच निकामी होई. याउलट जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या गटाने २०१७ मध्ये सिलिकॉन कार्बाइडवर बिस्मथची षटकोनी जाळी वाढवली, ती खालच्या पृष्ठभागाचा आधी हिशेब करूनच. खालचा बंध बिस्मथच्या नेमक्या एका प्रकारच्या इलेक्ट्रॉन-कक्षा बाजूला काढतो आणि उरलेल्या कक्षांत ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ऊर्जा-अंतर पडते. माझ्या मते या साऱ्या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग हा आहे.

 

अर्धवाहक थरांत आणखी एक परिणाम असतो, तो अंतरावरून काम करतो. एकाच थरात इलेक्ट्रॉन आणि त्याची पोकळी एकमेकांना घट्ट धरून राहतात, कारण त्यांच्या विद्युतक्षेत्राला अडवायला आजूबाजूला पदार्थच नसतो. खाली काय आहे त्यावर ती पकड बदलते. २०१४ मध्ये ग्राफीनच्या दुहेरी थरावर वाढवलेल्या मॉलिब्डेनम डायसेलेनाइडमध्ये ऊर्जा-अंतर २.१८ आणि पकड ०.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजली गेली. खालचा पदार्थ बदलला की हे दोन्ही आकडे बदलतात. म्हणजे ‘मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचे ऊर्जा-अंतर’ असा एकच आकडा पुस्तकात देणे चुकीचे आहे. कशावर ठेवले होते, हेही सोबत लिहायला हवे.

आणि हवा. २०१२ मध्ये अमेरिकेत विनायक द्रविड आणि बंगळुरूचे सी. एन. आर. राव यांच्या सहभागातून झालेल्या कामात एकथरी मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये व्होल्टेज वाढवताना आणि उतरवताना प्रवाहात पडणारा फरक बराचसा पृष्ठभागावर बसलेल्या ओलाव्यामुळे असतो, हे दिसले. वर सिलिकॉन नायट्राइडचे आवरण दिल्यावर तो फरक कमी झाला आणि मोबिलिटी दहा पटींहून अधिक वाढली. नांदेडला मे महिन्यात घेतलेले मापन आणि ऑगस्टमध्ये घेतलेले मापन यांची तुलना करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. हवेतली आर्द्रता नोंदवायचे यंत्र काही शे रुपयांना मिळते. ते प्रयोगशाळेत नसेल, तर सेन्सरच्या निबंधातले अर्धे आलेख कशाचे आहेत हे सांगता येणार नाही.

विद्युतजोडणी हा पुढचा अडथळा. थर कितीही चांगला असला, तरी धातू आणि थर यांच्या सांध्यावर अडणारा प्रवाह सगळ्या मोजणीवर पाणी फिरवतो. आयआयटी मुंबईत सौरभ लोढा यांच्या गटाने २०१६ मध्ये धातू आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांच्यामध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर घालून हा रोध कमी केला. २०२१ मध्ये बिस्मथचा सांधा वापरून तो १२३ ओहम-मायक्रोमीटरपर्यंत खाली आला. अशा छोट्या सुधारणांच्या जोरावर उद्योग पुढे सरकतो. व्हिएन्नात २०१७ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ११५ ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर बनला होता. २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने ५,९०० ट्रान्झिस्टरांचा ३२ बिटचा प्रोसेसर दाखवला. सिलिकॉनच्या तुलनेत हे अजून काहीच नाही, पण आठ वर्षांत पन्नास पट झाले आहे.

मग नांदेड-लातूरला यातले काय करता येईल? अतिनिर्वात यंत्र, ज्यात दाब वातावरणाच्या लाख-कोटीव्या भागाहूनही कमी असतो, इथल्या महाविद्यालयांना परवडणारे नाही. ते का लागते याचा हिशेब मात्र विद्यार्थ्याला करता यावा. टॉरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या दाबाला पृष्ठभागावर वायूचा एक पूर्ण थर बसायला सुमारे एक सेकंद पुरतो. योगायोगाने शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या अतिनिर्वात ठेवाव्या लागतील. या तंत्राचे प्रशिक्षण घेतलेली माणसे मराठवाड्यात राहायला येतील. त्यांना वर्गात बोलावायला निधी लागत नाही.

वाढवणे बाहेर आणि विचार करणे इथे, अशी विभागणी आजच शक्य आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स सुविधा २००८ पासून सरकारी योजनेतून बाहेरच्या संशोधकांना खुल्या आहेत. इंदूरला विद्यापीठांसाठीचे यूजीसी-डीएई केंद्र आणि इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे. ऊर्जापट्ट्यांचे गणित करणारे क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. एका थराखाली सिलिकॉन ठेवला तर इलेक्ट्रॉन कुणीकडे सरकतात, हा एमएस्सीचा उत्तम प्रकल्प आहे. एका बऱ्यापैकी संगणकावर तो लहान प्रमाणात करता येतो. आणि आपली बीकरची विद्याही वाया जाणारी नाही. कॅडमियम सल्फाइड काचेऐवजी सिलिकॉनच्या तुकड्यावर वाढवले तर दोन अर्धवाहकांचा सांधा मिळतो, आणि त्याचा प्रवाह-व्होल्टेज आलेख काचेवरच्या फिल्मपेक्षा कितीतरी जास्त सांगतो. फक्त सिलिकॉनचा ऑक्साइड काढायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागते आणि ते हाडापर्यंत पोचणारे विष आहे. प्रशिक्षण, योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल जवळ नसेल, तर त्याची बाटली उघडूच नये.

परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नने बारावीच्या भौतिकशास्त्रात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले दरवर्षी तयार केली. त्यांतली बहुतेक वैद्यकीय आणि अभियांत्रिकीकडे गेली, आणि जाणारच. पण लातूरच्या दयानंद आणि राजर्षी शाहू, नांदेडच्या यशवंत आणि सायन्स कॉलेजमध्ये जी थोडी मुले भौतिकशास्त्राला राहतात, त्यांच्या मार्गदर्शकांना एक विनंती आहे. पुढच्या प्रबंधात पदार्थाच्या नावाआधी तो कशावर वाढवला, तो पृष्ठभाग कसा स्वच्छ केला, मापनाच्या वेळी हवेत किती ओलावा होता आणि रामनच्या दोन रेषांतले अंतर किती आले, या चार ओळी लिहून घ्या. त्या नसतील तर ‘द्विमितीय’ हा शब्द शीर्षकातून काढायला लावा.